एकाच ठशाच्या दोन म्हशी

मोरेश्वर, तुझी म्हैस माझ्या घरी येऊन पडली आहे. अड्याळच्या मंडईची जत्रा झाली त्या दिवसापासून. प्लायच्या दोन फळ्यांमध्ये दाबलेली, वरून पोतं, पोत्याला दोरी. तू बांधायचास तशीच बांधलेली, फक्त गाठ कुसुमवहिनींची. मी ती सोडलेली नाही. माझी म्हैस समोरच्या भिंतीवर नेहमीच्या जागी आहे. दोघींच्या मध्ये दिवाण, आणि दिवाणावर मी, सकाळपासून चहाचा कप हातात घेऊन बसलेला मूर्ख.

हे कोणी तिऱ्हाइतानं वाचलं तर त्याला वाटेल, दोन रिटायर म्हातारे गुराढोरांवरून भांडत असतील. भांडत तर होतोच. पण या म्हशी कागदावरच्या. एका पोरीनं लाकडाच्या पाटीवर कोरून, शाई लावून, हातानं घासून वीस छाप काढले, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं नंबर घालून सही केली आणि तो लाकडी ठसा मोडून टाकला. त्यातला आठवा छाप तुझा, नववा माझा. उन्हाळ्यात आटलेली बोडी, त्या लहानशा तळ्याच्या तळाशी उरलेलं पाणी, आणि त्या पाण्यात बसलेली म्हैस. काळ्या पाण्यात काळी म्हैस. दोघांना वेगळं करणारी एकच पांढरी रेघ, तिच्या पाठीवरून जाणारी. त्या रेघेवरून आपण इतकी वर्षं भांडलो, आणि भांडण अर्ध्यावर टाकून तू निघून गेलास. हे मला अजिबात पटलेलं नाही.

लोक येऊन सांगतात, "सुखदेवभाऊ, सुटला बिचारा. हाल पाहावत नव्हते." सुटला असशील. मी अडकलो त्याचं काय?

आणि हो, लिहायला बसलो की माझं मले-तुले सुटतं, हे तुला माहीत आहे. शाळेत मास्तरांनी मारून मारून घालवलं होतं ते. तू हसायचास, "सुख्या, कागद पाह्यला का तू पुण्याचा होतेस बे." हस. तेवढं तरी कर.

जवाहरनगरच्या क्वार्टरात आपली दारं समोरासमोर होती. सकाळी एकाच बसनं दारूगोळ्याच्या फॅक्टरीत जायचं, संध्याकाळी एकाच बसनं परत. तू तपासणी विभागात, मी स्टोअरमध्ये. फाटकाच्या आत काय चालतं ते फाटकाबाहेर बोलायचं नाही हा नियम, आणि आपण दोघंही नियमाचे पक्के. दुसऱ्या नोकऱ्यांतले लोक संध्याकाळी साहेबाला शिव्या देत जेवतात. आपण पायरीवर बसून काय बोलायचं? आज ऊन होतं. वांगी महागली. गप्प बसून बसून आपली तिथली सगळी वर्षं गेली. वहिनी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "यायच्यापेक्षा मुके बरे वं, ते हातवारे तरी करतात."

मग रिटायर झालो. तू अड्याळला आपल्या धानाच्या बांध्यांवर गेलास, मी आंधळगावला घर बांधलं. मध्ये भंडारा. मला वाटलं होतं, आता आपली गाठ लग्नात नाहीतर मौतीत पडेल.

तू लोकांना सांगायचास, "आमाले पयलेपासून कलेची आवड." खोटारड्या. आपल्याला कूलरची आवड होती. माझा चष्मा करायला म्हणून नागपूरला गेलो होतो, ऐन मे महिना, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि एका हॉलच्या दारातून गार हवा आली. शिरलो आत. भिंतींवर चित्रं होती. तू कूलरसमोरच्या चित्रापुढं उभा राहिलास, कारण हवा तिथं येत होती. उभाच आहोत तर पाहावं म्हणून वाकलास. खाली पेन्सिलीनं आठ, तिरपी रेघ आणि वीस असं लिहिलेलं. तुझं तोंड एकदम ड्यूटीवर असल्यासारखं झालं. कोपऱ्यात स्टुलावर एक पोरगी डबा खात बसली होती. तिला तू विचारलंस, "बाई, विसातले आठच पास झाले का? रिजेक्शन लय आहे तुमचं."

ती पोरगी आधी बघतच राहिली. मग इतकी हसली की तिला ठसका लागला आणि मला पाणी आणून द्यावं लागलं. तिनं समजावलं, "काका, वीसच काढले. हा त्यातला आठवा."

"अन् एकविसावा?"

"तो निघणार नाही. ठसा मोडला मी."

"चांगला ठसा मोडला?" तुझा जीव खरंच हळहळला. "काहून?"

"वीसच काढीन असं ठरवलं होतं, म्हणून."

तुला ते पटलं नाही, पण कुठं तरी आवडलं. मग तू तुझा जन्मभराचा प्रश्न विचारलास. सगळे सारखे निघाले का? ती म्हणाली, "नाही काका. हातानं काढलेत. जवळून पाहा, प्रत्येक वेगळा आहे."

तिथंच सगळं बिघडलं. जवळून पाहा, असं तुला कोणी म्हणायला नको होतं. तू नाक लावून पाहिलंस. शाई कुठं दाट, कुठं विरळ, कागदाची कड कशी सुटली, सगळं. मग म्हणालास, हा मी नेतो. तू नेतोस म्हटल्यावर मी कसा मागं राहीन? मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी नववा मागितला. तो आत बांधून ठेवलेला होता, तसाच घेतला. चष्मा राहिला तो राहिलाच. आणि बसमध्ये मौदा यायच्या आत तू जाहीर करून टाकलंस की तुझी म्हैस माझ्या म्हशीपेक्षा चांगली. माझी तर तू पाहिलीही नव्हतीस!

पुढं ती पोरगी फोन करायला लागली. "काका, नवीन काढलंय, येता का?" तिच्या ओळखीनं तिच्या बरोबरीची पोरं भेटली. चंद्रपूरचा तो दाढीवाला, ज्यानं खाणीवरचा पूल जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडनं कोरला होता. वर्ध्याची ती एक, जी फक्त प्लास्टिकच्या खुर्च्या छापायची. मोडकी खुर्ची, उलटी खुर्ची, लग्न उरकल्यावर एकावर एक रचलेल्या खुर्च्या. तू तोंड वाकडं करून म्हणालास, "हे काय चित्र आहे का बे? मंडपवाल्याचं गोडाउन." आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी तूच खिळा ठोकून ती लावलीस. त्या पोरांनी आपलं नाव 'भंडाऱ्याचे काका' ठेवलं. दोघांना मिळून एकच नाव. "भंडाऱ्याचे काका बोलता का?" असा फोन आला की ज्याचा फोन असेल तो हव म्हणायचा. परवा त्या दाढीवाल्याचा आला. मीही सवयीनं हव म्हणालो.

एकदा त्या पोरीनं आपल्याला तिच्या शेडमध्ये बोलावलं होतं, शेवटचा छाप काढताना पाहायला. पत्र्याची शेड, आत मशीन नाही, काही नाही. ठशावर कागद अंथरून ती वरणाच्या पळीची पाठ फिरवत होती, गोल गोल, न थकता. कागद उचलला तेव्हा शाईचा तो चिकट आवाज आला आणि तू माझा दंड धरलास. मग तिनं कोरायचं हत्यार घेतलं आणि ठशावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारायला निघाली. तू म्हणालास, "थांब पोरी. मी मारू का?" ती म्हणाली, मारा. तू हत्यार हातात घेतलंस. फॅक्टरीत जन्मभर तू किती नग बाद केलेस ते तूच जाणे. इथं तुझा हात चालेना. हत्यार परत देऊन बाहेर जाऊन उभा राहिलास. परतीच्या बसमध्ये मी विचारलं नाही. त्या वेळी तुझ्या मनात काय होतं हे आता मी कोणाला विचारू?

पण उपकार आहेत तुझे, हे कबूल करतो. साठीनंतर आपल्याला जीभ फुटली ती या कागदांमुळं. काळा रंग किती प्रकारचा असतो यावर तुझ्या ओसरीत आपण अख्खी दुपार भांडलो होतो. निळसर काळा, करपलेला काळा, ओल्या मातीचा काळा. मला आयुष्यात कोणी असं भांडण दिलं नव्हतं. जमिनीवरून दिलं, पोराच्या लग्नातल्या मानपानावरून दिलं, पण काळ्या रंगावरून फक्त तू दिलंस. घरी येताना मी एस.टी.च्या खिडकीतून रोवलेल्या बांध्या पाहत आलो आणि पहिल्यांदाच मला दिसलं की चिखलाचा काळा आणि ढगाचा काळा एक नाही. हे सांगायला मी घरात शिरल्याबरोबर तुला फोन केला. बायको म्हणाली, आताच तर भेटून आले ना?

मग आपण तो कायदा केला. म्हशी सोडून बाकीचा सगळा माल सामाईक. निम्मा तुझ्या भिंतींवर, निम्मा माझ्या, आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया सुरू झाल्या की अदलाबदल. अड्याळच्या मंडईला मी माझा गठ्ठा घेऊन यायचं आणि तुझा घेऊन जायचं. पावसाळाभर कागदांनी ओल खाल्लेली असायची, हवा कोरडी व्हायची वाट पाहावीच लागायची, तेव्हा मंडई सोयीची पडली. गावात घरोघरी पाहुणे, चौकात दंडारीच्या खेळाचा ढोल, पोरंबाळं जिलबीच्या दुकानाला चिकटलेली. आणि आपण दोघं आतल्या खोलीत, हात साबणानं धुऊन, बटर पेपर उलगडत बसलेलो. वहिनी दारातून ओरडायच्या, "लोकं मंडईत पोरी पाहाले येतात, हे दोघं कागद पाहून राहिले!" त्यांचा राग खरा होता. लोखंडी आलमारीत तुझे कागद आणि त्यांच्या साड्या पलंगाखाली, हा अन्यायच होता.

आणि तो फ्रेमवाला! भंडाऱ्याचा, देवांचे फोटो मढवणारा. दाढीवाल्याचा पूल आपण त्याच्याकडं टाकला. आठ दिवसांनी घ्यायला गेलो तर फ्रेम झकास, काच लख्ख, आणि खालचा नंबर, सही, सगळं गायब. "सायेब, कोणतरी पेन्सिलनं खरडलं होतं खाली. खोडरबरनं साफ करून देल्लं. त्याचे पैसे नाही घेतले." मी त्याच्या अंगावर जाणार होतो. तू मला मागं ओढलंस आणि त्याला म्हणालास, "बरं केलं भाऊ." बाहेर फुटपाथवर येऊन तू पोट धरून हसलास. म्हणालास, "आता त्याचा बापही सांगू शकत नाही कितवा आहे. हा आपलाच एकट्याचा." मला हसू यायला भंडारा स्टँड लागला.

म्हशी मात्र ज्याच्या त्याच्या दावणीला राहिल्या. त्यांची अदलाबदल नाही. तुझं म्हणणं, तुझ्या छापात पाठीवरची रेघ शेपटीपर्यंत अखंड जाते आणि माझ्यात मानेजवळ शाईनं बुजली आहे. माझं म्हणणं, बुजली नाही, तिथं पाणी चढलं आहे. माझी म्हैस पाण्यात बसली आहे, तुझी पाण्यावर ठेवली आहे. तू म्हणायचास, तुला चष्मा बदलायला झाला. मी म्हणायचो, तुला अक्कल. वहिनी मधेच तोंड घालायच्या, "म्हैसच पाहाची असल तं गोठ्यात जा ना! दोन उभ्या आहेत, शेण बी देतात."

मी दर वर्षी म्हणायचो, एकदा दोन्ही शेजारी ठेवू, काय तो सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे. तू दर वर्षी टाळायचास. "औंदा नाही, पुढच्या मंडईले." कधी म्हणे फ्रेम उतरवली तर भिंतीचा पोपडा निघतो, कधी म्हणे हवा अजून ओली आहे. दोन नग शेजारी ठेवून एक नापास करण्यात ज्याची नोकरी गेली, तो घरच्या नगाला का घाबरावा, हे मला कळत नव्हतं. मला तर वाटायचं, तू हरणार हे तुला ठाऊक आहे.

म्हणून मागच्या मंडईला मी न सांगता माझी म्हैस उतरवून थेट अड्याळला आणली. कंडक्टरला वाटलं आरसा आहे, त्यानं बिचाऱ्यानं आपल्या सीटमागं नीट ठेवू दिला. तुझ्या खोलीत मी गठ्ठ्यातून ते वेगळं पोतं काढलं आणि दोरीला हात घातला. तू ओळखलंस.

"ते सोडू नको, सुखदेव."

"काहून?"

"सोडू नको म्हणलं ना!"

"भेतेस का बे?"

तू माझ्यासारखा चिडला नाहीस. पलंगावर बसलास आणि पोत्यावर हात ठेवलास. "हव, भेतो. जोडी लागली का एक चांगली ठरन अन् एक खराब. संपलं. मंग मंडईले काय बोलू आपण? वांग्याचे भाव?"

मला राग आला. मी म्हटलं, एवढा माल आहे भिंतींवर, बोलायला काय कमी आहे? तू म्हणालास, बाकीचं सामाईक आहे, त्याच्यावर भांडण होत नाही, चर्चा होते. चर्चा हा शब्द तू असा थुंकल्यासारखा म्हणालास! मी त्या दिवशी तुझ्याशी न बोलता पातोडीचा रस्सा दोनदा घेतला, रागारागानं, आणि माझी म्हैस न उघडता परत घेऊन आलो.

आणि मग दवाखाना. त्याचं सगळं मी सांगत नाही. तू पाठीवर पडून पंख्याकडं पाहत होतास. मी जवळ बसलो तर म्हणालास, "मधलं पातं खाली आहे. पास कोणी केलं बे याले?" मग जरा वेळानं, "तुही म्हैस बरी आहे?"

"तुझ्यापेक्षा बरी."

"रेघ?"

"जिथल्या तिथं."

तू हसलास, मग खोकलास, आणि खोकला थांबल्यावर म्हणालास, "औंदा मीच आणतो. आंधळगावले. मंग लाव शेजारी, काय लावाचं ते."

मी म्हटलं, आण. तुझ्या हातापायांवरची सूज मला दिसत होती आणि मला दिसते आहे हे तुला दिसत होतं. तरी मी म्हटलं, आण. तू नसशील तर मी कोणाशी बोलू, हे मी विचारलं नाही. आपण असलं कधी बोललो नाही. फाटकाच्या आतलं फाटकाच्या आत.

यंदाच्या मंडईला जावं की नाही, हे मी ठरवत बसलोच नाही. हात आपोआप गठ्ठा बांधायला लागले. माझ्याकडचा निम्मा माल, फळ्या, पोतं, दोरी. अड्याळला उतरलो तर गाव नेहमीसारखं गजबजलेलं. ढोल तोच, उकडलेल्या शिंगाड्यांचा वास तोच. मला तुमच्या गावचा राग आला, मोरेश्वर. एक माणूस कमी झाला हे गर्दीला कळू नये म्हणजे काय?

वहिनी ओसरीतच होत्या. माझ्या खांद्यावरचा गठ्ठा पाहून उठल्या.

"आणलं का भाऊजी तुमी? मले वाटलं, आता काही आणत नाही."

"सवय आहे, वयनी."

त्यांनी पाणी दिलं. मग मला आतल्या खोलीत नेलं. सगळ्या भिंती रिकाम्या. खुर्च्या, पूल, सगळं उतरवून, बटर पेपर घालून पलंगावर रचलेलं. तुझ्यासारखंच, कड कडेला लावून. इतकी वर्षं दारातून ओरडणारी ती बाई सगळं पाहत होती, मला माहीतच नव्हतं.

"हे सारं घेऊन जा. मले लावाले सांगू नका. लावून देईन जी मी, पण पाहाले कोण आहे?"

मी म्हटलं, निम्मं इथं राहू द्या, कायदा आहे आमचा. त्या म्हणाल्या, "दोघाईचा होता ना कायदा?" मग त्यांनी पलंगामागून ते वेगळं पोतं काढलं, दोरी बांधलेलं.

"अन् हे म्हैस."

"ही नाही वयनी. ही त्याची आहे. इथंच राहू द्या."

"त्याईचीच आहे म्हणून देऊन राहिली. दवाखान्यातून मले म्हणत होते, सुखदेव आला का त्याले दे. मी येतो म्हणालो होतो म्हणाव, जमलं नाही म्हणाव." वहिनींनी पदर तोंडाशी नेला, पण रडल्या नाहीत. "ते गेल्यापासून मी या खोलीत झाडू मारतो तं तिच्याकडं पाठ करून मारतो, भाऊजी. ते दोघाईचं भांडण कानात येते. न्या तुमी तिले."

मी नाही म्हणू शकलो नाही. जेवून जा म्हणाल्या, पातोडी केली होती. दोघं जेवलो. कोणी कोणावर चिडलं नाही, भात पटकन संपला. नंतर मी दोन्ही गठ्ठे आणि काखेत तुझी म्हैस घेऊन भर मंडईतून स्टँडवर आलो. तुझ्याकडं येताना एक गठ्ठा आणि जाताना एक, असा आपला हिशेब असायचा. यंदा जाताना दोन होते. रस्त्यात ओळखीचे भेटले, रामराम झाला, पोत्यात काय आहे ते कोणी विचारलं नाही.

तर आता सगळा माल माझ्याकडं आहे. बायको नागपूरला नातीला सांभाळायला गेलेली, तिचा रोज फोन येतो, "लावले का जी चित्रं?" लावतो म्हणतो. भिंती तेवढ्या नाहीत, आणि असत्या तरी त्या वर्ध्याच्या खुर्च्यांसमोर उभा राहून मी कोणाला म्हणू, की आज ही उलटी खुर्ची मला रडवेली दिसते? गावात लोक चांगले आहेत. येतात, बसतात, म्हणतात, छान आहे, महाग असल. मग धानाच्या भावावर येतात. त्यांचं चुकत नाही. पण मला दिवसभर कोणी 'चूक' म्हणत नाही, मोरेश्वर. तुला कल्पना नाही, एखाद्याला कोणी चूक म्हणेनासं झालं की घर किती मोठं होतं.

इथवर काल लिहिलं होतं. आज दुपारी जेवण झाल्यावर मी ती गाठ सोडली.

हात साबणानं धुतले. माझी भिंतीवरून उतरवली, तुझी पोत्यातून काढली, आणि दिवाणावर धुतलेली चादर अंथरून दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. खिडकी पूर्ण उघडली. नवा चष्मा लावला, तोही पुसून. आधी रेघ पाहिली. तुझी शेपटीपर्यंत जाते, हे खरं आहे. माझी मानेजवळ बुजते, हेही खरं आहे. मग पाणी पाहिलं, मग कान, मग कड. तुझ्यासारखं नाक लावून पाहिलं. माझी सरस आहे असं वाटायचं, आणि नजर हलवली की तुझी सरस वाटायची. पाणी प्यायला आत गेलो. परत आलो, दारातच थांबलो, आणि मला कळेना की यातली माझी कोणती. इतकी वर्षं भांडलो, आणि जवळ जाऊन, खाली वाकून मला नंबर वाचावा लागला.

मग मी दिवाणाच्या टोकाला बसलो आणि मोठ्यानं म्हटलं, "माहीच म्हैस चांगली आहे, मोऱ्या."

बाहेरून कोणाची तरी मोटारसायकल गेली.

"माहीच चांगली आहे म्हणलं ना बे!"

मग म्हटलं, "बरं बाबा. तुहीच चांगली." त्यावरही तू काही बोलला नाहीस.